तो ऑनलाइन दिसत होता

स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं, हे माझ्या मित्रानं मला घरातला जुना गीझर काढायचाय अशा सुरात सांगितलं. "गुरुवारी सकाळी आठला," तो फोनवर म्हणाला. "त्यानंतर मी गप्प. तुझी चाळीस वर्षांची इच्छा पुरी होणार, लेका."

मी हसलो. दुसरं काय करणार? आमच्यात रडायची पद्धत नव्हती.

तो शनिवार पेठेतला, मी सदाशिव पेठेतला. कॉलेजात एका बाकावर बसलो आणि तेव्हापासून आमचं भांडण सुरू झालं, ते तो पस्तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेला तरी थांबलं नाही. भांडणाला विषय लागत नसे. चहात आलं आधी घालायचं की नंतर, यावर आम्ही एकदा तीन आठवडे फोनवर वाद घातला होता. त्याचा आवाज मोठा, खणखणीत, आणि त्याला स्वतःला तो फार आवडायचा. तरुणपणी गणपतीत मंडळाच्या माईकवर हरवलेल्या मुलांच्या घोषणा तोच करायचा. "निळा सदरा घातलेला, स्वतःचं नाव न सांगणारा एक मुलगा मंडपात रडत बसला आहे. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा, नसेल त्यांनीही न्यायला हरकत नाही." लोक मुलगा सोडून याला बघायला यायचे.

तर त्या घशात कॅन्सर निघाला. किरणोपचार झाले, बरं वाटलं, आणि वर्षभरात पुन्हा उलटला. आता यंत्रच काढायचं. पुढेमागे व्हॉल्व्ह बसवून, शिकून, काहीतरी बोलता येतं म्हणे. पण तो आवाज हा नव्हे, हे डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यानं मला.

"तू ये," तो म्हणाला. "आवाज आहे तोवर एकदा समोरासमोर भांडून घेऊ. चांगला आठ दिवस आधी ये."

आता इथे माझी अक्कल कशी चालली ते सांगतो. आमच्या घराण्यात एक गोष्ट फार अभिमानानं सांगितली जाते, की आम्ही कोणाला त्रास देत नाही. माझे वडील हॉस्पिटलात असताना पाणी हवं असलं तर नर्स दुसऱ्या पेशंटकडे येईपर्यंत थांबायचे. मी स्वतः कोणाकडे जायचं तर जेवून जातो. दुपारी कोणाला फोन करत नाही, सकाळी कोणाला फोन करत नाही, संध्याकाळी लोक दमून आलेले असतात म्हणून करत नाही. हा सगळा सभ्यपणा आहे अशी माझी साठ वर्षं समजूत होती.

म्हणून मी हिशेब मांडला. ऑपरेशन गुरुवारी. बुधवारी दुपारी तीनला त्याला हॉस्पिटलात भरती व्हायचं. मंगळवारी दुपारी मुंबईहून निघालो की बुधवारी पहाटे त्याच्या गावी. म्हणजे पहाटेपासून तीनपर्यंत वेळच वेळ. आठ दिवस आधी जाऊन वहिनींना दोन वेळचा स्वयंपाक कशाला लावायचा? घरात आजारपण, त्यात पाहुणा.

"अहो, आधी जा की," बायको म्हणाली. "प्रवासात काहीतरी होतंच."

"मला कळतं," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हणालो आहे, तेव्हा तेव्हा मला काही कळत नव्हतं.

मंगळवारी सकाळी सातला स्वारगेटहून विमानतळाच्या गाडीत बसलो. बायकोनं मेतकूट, गोडा मसाला आणि डिंकाचे लाडू दिले होते. ज्याचा घसा कापणार त्याला डिंकाचे लाडू, पण तिला काही बोललो नाही. घाटात एक कंटेनर आडवा झाला होता. तीन तास गाडी जागची हलली नाही. ड्रायव्हर खाली उतरून शांतपणे शेंगा खात उभा होता. मी त्याला दोनदा विचारलं, किती वेळ लागेल. तो म्हणाला, "काका, मला कंटेनरनं काय सांगितलेलं नाय." उत्तर बरोबर होतं.

तरी वेळेत पोचलो. मी नेहमी इतका आधी निघतो, की तीन तास वाया गेले तरी दोन उरतात. पोचलो आणि मग कळलं, की विमानालाच उशीर आहे. चारचं सहाला झालं, सहाचं आठला, आठचं कधीतरी. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला म्हणत होती, "सर, आय अंडरस्टँड." मी तिला विचारलं, तक्रारवही कुठे आहे. तिनं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा. मग मी पिशवीतल्या कागदावर रीतसर अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, सगळं. खाली सही केली आणि तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "सर, आय अंडरस्टँड." मला तिचा राग आला नाही. तिच्याही हातात काही नव्हतं.

आखातातल्या ज्या विमानतळावर विमान बदलायचं होतं, तिथे पोचलो तेव्हा पुढचं विमान गेलेलं होतं. त्याच्या पुढचं सकाळचं, ते धुक्यामुळे रद्द. वाळवंटात धुकं! काचेच्या भिंतीबाहेर पांढरं फटक होतं, आणि आत हजारो माणसं जमिनीवर पथाऱ्या टाकून पडली होती. रांगेत चार तास उभा राहिल्यावर मला बुधवार संध्याकाळच्या विमानाची जागा मिळाली.

बुधवार संध्याकाळ. त्या चिठ्ठीकडे बघत मी उभा राहिलो. तीनची भरती गेली. घरी बसून गप्पा मारायचं सोडाच, गुरुवारी सकाळी आठच्या आत त्याच्यासमोर उभा राहीन की नाही हेसुद्धा आता माझ्या हातात नव्हतं. मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसलो. शेजारी एक पंजाबी कुटुंब होतं, त्यांनी न विचारता पुढ्यात पराठा ठेवला. मी "नको, नको, त्रास नको" म्हणालो आणि मग खाल्ला.

त्याला मेसेज केला: "धुक्यामुळे अडकलो आहे. काळजी नसावी. पोचतो."

त्याचं उत्तर आलं: "आरामात ये."

बस. दोन शब्द. आणि मग बुधवारचा अख्खा दिवस मी तिथे बसून होतो. विमानतळावर फुकटचं वायफाय होतं. फोन चार्ज होता. मला दुसरं काहीही काम नव्हतं. दर पाच मिनिटांनी विमानाची वेळ बदलली का ते बघायचो आणि मग आपोआप बोट त्याच्या नावावर जायचं. नावाखाली 'ऑनलाइन' दिसायचं. मला वाटायचं, मुलीशी बोलत असेल. ती कॅनडात असते. किंवा ऑफिसातल्या जुन्या लोकांचे मेसेज येत असतील. शेवटचा दिवस, घरी पिशवी भरायची गडबड, त्यात आपण मधेच फोन करून कशाला घशाला ताण द्यायचा? डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. आणि भेटणारच आहोत.

खरं सांगायचं तर भेटणारच आहोत यावर माझा दुपारनंतर विश्वास राहिला नव्हता. पण फोन लावला असता तर ते कबूल करावं लागलं असतं. त्यालाही, मलाही. मग फोनवरचं ते बोलणं शेवटचं झालं असतं, आणि शेवटचं म्हणून काय बोलतात हे मला माहीत नव्हतं. तेव्हा सभ्यपणा आड आला की भीती, हे आज मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकाच पिशवीत होती.

तीन वाजून गेले. तिकडचे तीन. तो हॉस्पिटलात गेला असणार. पाचला, सहाला, तरी 'ऑनलाइन'. मग माझं विमान आलं आणि मला फोन बंद करावा लागला.

विमान उतरलं तेव्हा त्याच्या गावची शेवटची रेल्वे गेली होती. पहिली पहाटे पाचची, ती मिळाली. दोन तासांचा रस्ता, सातला पोचलो असतो, धावतपळत आठच्या आत गाठलं असतं. तिसऱ्या स्टेशनानंतर गाडी शेतात थांबली. वादळ झालं होतं, पुढे रुळावर झाड पडलं होतं. डब्यात कोणी बोलत नव्हतं. सगळे पुस्तकं वाचत होते. घोषणा व्हायची, मला भाषा कळायची नाही, मी समोरच्या बाईकडे बघायचो, ती माझ्याकडे बघून खेदानं मान हलवायची. साडेसात झाले. पावणेआठ. खिडकीबाहेर ओलं शेत, एक कावळा. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर? आठ वाजले तेव्हा मी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. लांब कॉरिडॉरच्या टोकाला वहिनी एकट्या बसल्या होत्या, मांडीवर त्याचा कोट. मला बघून उठल्या.

"भाऊजी, आलात. आत नेलं आठला."

"सॉरी," मी म्हणालो. मराठीत काही सुचलं नाही.

"तुमचं काय चुकलं? बसा. चहा घेणार? इथे मशीनचा मिळतो, वाईट असतो."

मी बसलो. त्या आपणहून बोलायला लागल्या. "काल दिवसभर हे फोन हातात घेऊन बसले होते. इथे आल्यावरसुद्धा. मी म्हटलं, लावा की भाऊजींना. तर म्हणाले, 'अगं, तो सारखा ऑनलाइन दिसतोय, म्हणजे विमानवाल्यांशी झगडत असणार. त्याला मधे कशाला त्रास द्यायचा.' मी तीनदा सांगितलं. शेवटी चिडले माझ्यावर."

मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. तिथे हात कसे धुवावेत याची चित्रं लावली होती. सहा चित्रं. मी ती सगळी नीट बघितली. घरी असतो तर उठून दुसऱ्या खोलीत गेलो असतो.

"सकाळी बोलला का काही?" मी विचारलं.

"न्यायला नर्स आली, तर तिला मराठीत म्हणाले, 'चला, आटपा लवकर.'" वहिनी हसल्या आणि हसता हसता त्यांनी कोटात तोंड लपवलं. "ती बिचारी 'या, या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो, हो', करत घेऊन गेली."

म्हणजे तो शेवटचा आवाज त्या नर्सनं ऐकला. तिला एक अक्षर कळलं नाही.

मला तो शनिवारी भेटला. त्याआधी काचेतून दोन मिनिटं दाखवला होता, पण ते काही भेटणं नव्हे. गळ्याला पट्टी, पट्टीच्या मधोमध भोक, भोकात नळी. श्वास तिथून चालला होता. नाकात दुसरी नळी. चेहरा मात्र त्याचाच, आणि नजर तर फारच त्याची. पलंगावर छोटा पांढरा फळा आणि मार्कर होता. मला बघताच त्यानं फळा ओढला आणि लिहिलं: "वाळवंटात धुकं?"

"होतं," मी म्हणालो. "फोटो आहे माझ्याकडे."

त्यानं अविश्वासानं भुवई वर केली. म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मी ठरवून आलो होतो, की त्याला काही विचारायचं नाही, त्रास द्यायचा नाही. पण माझा स्वतःवरचा राग मला आवरेना, आणि तो बाहेर पडला तो त्याच्यावरच.

"फोन का नाही केलास?" मी म्हणालो. "दिवसभर ऑनलाइन होतास. मला दिसत होतं. एक फोन करता येत नव्हता?"

त्यानं फळा पुसला. एकच अक्षर लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"तू?"

"तुला त्रास नको म्हणून," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की काय कळेना. आवाज नसला की हसणं आणि रडणं सारखंच दिसतं, हे मला तेव्हा कळलं. मग नळीतून घरघर सुरू झाली, तो लाल झाला, कुठूनतरी घंटा वाजली आणि दोन नर्सा धावत आल्या. त्यातल्या एकीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि काहीतरी सांगितलं. रागावून की समजावून, देव जाणे. मी दाराबाहेर उभा राहिलो. आत काहीतरी खेचून काढायचं यंत्र सुरू झालं होतं. मी मान हलवत "या, या" म्हणत राहिलो.

त्यानंतर बारा दिवस मी रोज त्याच्याकडे जात होतो. सकाळी वहिनी, दुपारी मी. जेवण त्याला नळीतून होतं, तेव्हा मेतकूट मी आणि वहिनीच खाल्लं. मला वाटलं होतं, आता मला बोलायला मोकळं रान आहे. चाळीस वर्षं याच्यापुढे मला एक वाक्य धड पुरं करता आलं नव्हतं. पण बसल्यावर काही सुचायचंच नाही. तेव्हा लक्षात आलं, की मी आयुष्यभर याला नुसती उत्तरं दिली. सुरुवात त्यानं करायची, मी खोडून काढायचं. त्याच्यावाचून मला बोलता येत नव्हतं. तो फळ्यावर एखादं वाक्य लिहायचा, मी उत्तर द्यायचो, त्यावर तो लिहायला लागायचा, आणि त्याचं लिहून होईपर्यंत भांडणातला जीव निघून जायचा. मग तो अर्धवट लिहिलेलं तसंच पुसायचा. मला फार वाईट वाटायचं. मी उठून त्याची उशी सारखी करायचो, ती आधीच सारखी असायची.

निघायच्या दिवशी तो लिफ्टपर्यंत चालत आला, एका हातात सलाइनचा खांब, दुसऱ्या हातात फळा. लिफ्ट आली. त्यानं घाईघाईनं काहीतरी लिहून मला दाखवलं.

"पोचलास की फोन कर."

हे आपण सगळेच म्हणतो. जिन्यात, फाटकात, रिक्षा सुरू होता होता. त्यानं ते सवयीनं लिहिलं होतं. लिहिल्यावर त्यानं स्वतः ते वाचलं, आणि पुसायला हात उचलला, पण पुसलं नाही.

"करतो," मी म्हणालो. लिफ्टचं दार बंद झालं.

परतीचा प्रवास मात्र घड्याळाच्या काट्यावर झाला. रेल्वे वेळेवर, विमानं वेळेवर, आखातात लख्ख ऊन, घाट रिकामा. आता मला कुठलीच घाई नव्हती, म्हणून असेल. सकाळी दहाला घरी पोचलो. बायकोनं चहा टाकला, बॅग एका बाजूला ओढली आणि विचारलं, "पोचल्याचा फोन केलात का?"

"तिकडे पहाटेचे साडेपाच वाजलेत," मी म्हणालो. "आणि आता या वेळी त्याला कशाला..."

ती गॅसपाशी उभी होती, तिथून तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. तिला मी सगळं सांगितलं होतं.

"लावा," ती म्हणाली.

मी लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला. म्हणजे तो जागाच होता, फोन हाताशी घेऊन.

"पोचलो," मी म्हणालो.

पलीकडून काही नाही. मी फोन कानाशी दाबून धरला. निदान श्वास ऐकू येईल असं वाटलं, पण त्याचा श्वास आता गळ्यातून चालतो, तो फोनपर्यंत येत नाही. फोन बघितला. सेकंद पुढे सरकत होते.

मग मी बोलायला लागलो. घाट मोकळा होता म्हणून सांगितलं. स्वारगेटला रिक्षावाल्यानं सदाशिव पेठ म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, ते सांगितलं. गल्ली पुन्हा खणून ठेवली आहे, समोरच्यांनी गाडी लावू नये म्हणून नवी पाटी लावली आहे आणि तिच्यात तीन चुका आहेत, त्या तिन्ही सांगितल्या. ही आता चहा करते आहे आणि आलं आधीच घातलंय, हेही सांगितलं. एरवी एवढ्यात त्यानं मला चारदा तोडलं असतं. मी दम घ्यायला थांबलो. पलीकडे तसंच, काहीच नाही.

"ऐकतोयस ना?" मी विचारलं.

विचारून झाल्यावर मला कळलं मी काय विचारलं ते. आणि मी घाईघाईनं पुढचं बोलायला लागलो.